गाडीचं पाणी

पुसदहून आलेले जुन्या गाड्यांचे शौकीन माझ्या सासऱ्यांच्या जीपभोवती फिरत होते. नवऱ्यानं बॉनेट उघडलं. "पाहा, तांब्याची जाळी, पितळी टाकी. रेडिएटर मूळचाच आहे. बोअरचं पाणी याले कधीच पाजलं नाही. आतून क्षार धरते. याच्यासाठी फिल्टरच्या पाण्याची कॅन आणतो मी." पाहुण्यांनी वाहवा केली. माझं डोकं सणकलं. घरात आम्ही बोअरचंच पितो. मागच्याच आठवड्यात माझं मुतखड्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काढलेले खडे बाटलीत घालून हातात दिले. ती बाटली आणून मी रेडिएटरवर ठेवली आणि कॅन उचलली. "अवं, गाडीचं पाणी आहे ते!" नवरा ओरडला. टाके ओढत होते, तरी कॅन माठात रिकामी केली, बोअरच्या पाण्यानं भरली आणि त्याच्यासमोर आपटली. "पाजा आता तिले. खडे झाले तर डॉक्टर माह्या ओळखीचा आहे."