जीपमधला गोड वास

चौऱ्याहत्तर सालचा वैशाख होता. फौजेतून हवालदार होऊन परतलेला धोंडिराम लिलावात घेतलेली जुनी फौजी जीप घेऊन तिसऱ्यांदा माझ्या वाईच्या गॅरेजात आला. तक्रार तीच, आत गोड वास येतो.

"काकवीचे डबे तू वाहतोस आन दोष मला देतोस व्हय रं?" मी तडकलो.

"काकवी न्हाई ती. लडाखला पाणी गोठू नये म्हून रेडिएटरात औषध घालायचो, त्याचा वास हाय ह्यो. रेडिएटरचंच पाणी हीटरात येतं, त्यो गळतोय. तुला घावंना, त्ये सांग की."

हीटर तर मीच मागच्या खेपेला त्याला न सांगता उपटून भंगारात टाकला होता. माझ्या कामाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. त्याच्यादेखत रेडिएटर रिकामा केला. नुसतं कृष्णेचं पाणी निघालं.

"हुंग आता," मी ओरडलो.

त्यानं हुंगलं. पाण्याला वास नव्हता. मग मी जीपमध्ये डोकं घातलं, तर आत वास पहिल्यापेक्षा दाट झालेला. मी संतापून दार आपटलं.

भर उन्हात आमची जुंपली. बोलता बोलता धोंडिरामनं जीपकडं बोट दाखवलं.

रिकाम्या जीपची समोरची काच धुरकट होत चालली होती. मी बाहेरून हात लावला आणि झटकन मागं घेतला. काच बर्फासारखी गार होती.

"लांब हो," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"का म्हून?" माझा राग उतरला नव्हता.

तेवढ्यात काचेवर, आतल्या बाजूनं, कुणीतरी बाहीनं पुसावं तसा, रस्ता दिसण्यापुरता गोल साफ झाला.