कुमसाराचा दुभाषी

"आधी तुमी भायेर व्हा," जॉर्जिना डोळे न उघडता म्हणाली.

पायस हलला नाही. खाटेच्या उशाशी नवा पाद्री बसला होता, पायथ्याशी पायस उभा होता आणि मधे त्याची बायको मरत होती. दुपारी वैद्य आला आणि नाडी बघून, काही न मागता निघून गेला. त्यावरून काय ते सगळ्यांना कळलं. आता राहिलं होतं कुमसार, म्हणजे पाद्रीच्या कानात पापं सांगून मोकळं होणं. ते न करता गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे पायसने प्रवचनांतून इतक्यांदा ऐकलं होतं की तिकडचा रस्ताही त्याला तोंडपाठ होता.

अडचण अशी, की जुना पाद्री हवापालटाला गोव्याला गेलेला. हा नवा, आगबोटीतून उतरून जेमतेम पंधरवडा झालेला. त्याला पोर्तुगीज येई, जॉर्जिनाला मराठी. टेंभीच्या वस्तीवर त्या घटकेला दोन्ही येणारा माणूस एकच, ठाण्याच्या कचेरीतून पेन्शनीत निघालेला दुभाषी. तो तिचा नवरा होता, यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

"अगं, मला कुठे सांगायचंय? त्याला सांगायचंय," पायस समजुतीने म्हणाला. "मी नुसता मधला. दुभाष्याने ऐकलेलं दुभाष्याने विसरायचं, असा चर्चचा कायदाच आहे."

"आनि तुमी विसराल?"

"कचेरीत जन्मभर तेच केलं. खुन्यांचं ऐकून विसरलो."

"खुनी तुमच्या घरात रांधत नव्हते."

जॉर्जिनाची धाकटी बहीण बर्नाडेट कोपऱ्यात जपमाळ ओढत होती. तिला राहवेना. "बाय, चार बारीकसारीक तरी सांग गं. शेजारणीशी भांडलीस, उपासाच्या दिवशी सुकट खाल्लीस. मोठं असेल ते राहू दे."

"मोठं ठेवून बारीक कशाला सांगू?"

म्हणजे मोठं होतं तर. इतकी वर्षं याच छपराखाली होतं, आणि पायसला त्याचा वाससुद्धा आला नव्हता.

तसा तो बोलण्याच्या बाबतीत कच्चा माणूस नव्हे. माणूस बोलतो, म्हणतो, सांगतो, कबूल करतो, पुटपुटतो, बडबडतो, बरळतो, वदतो. प्रत्येकाचं वजन त्याला माहीत. साक्ष चालू असताना तो कलेक्टरसाहेबाला मधेच थांबवायचा, "हुजूर, तो म्हणाला नाही, तो बरळला." साहेब मान डोलवायचा आणि कागदावर 'म्हणाला' असंच लिहायचा. नव्या पाद्रीला मराठी शिकवायची वेळ आली तेव्हा पायसने सुरुवात याच धड्यापासून केली. परिणामी त्या गोऱ्या माणसाला कुजबुजणं आणि पुटपुटणं यांतला फरक कळत होता, पण प्यायला पाणी मागता येत नव्हतं.

जॉर्जिनाला धाप लागली. पाद्रीने पायसकडे पाहिलं आणि दाराकडे बोट केलं.

"पण तुम्हाला कळणार नाही," पायस पोर्तुगीजमध्ये म्हणाला.

पाद्रीने बोट खाली घेतलं नाही.

पायस ओटीवर येऊन बसला. मागोमाग बर्नाडेट आली आणि तिने दार ओढून घेतलं. आतून पाद्रीचा आवाज आला, पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखा. "बोल. सांग. बोल." मग जॉर्जिना सुरू झाली.

पायसने आयुष्यात तिचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं. तसं आताही ऐकू येत नव्हतं; नुसता सूर येत होता. मधे तो चढला, मधे अडला. एकदा ती हसली. त्या हसण्याने पायस जागेवरून उठला.

"बसा भावजी," बर्नाडेट म्हणाली. "दाराला कान लावाल तर तुमचंही पाप होईल. ते मग कोन पोचवनार?"

तो बसला. उन्हं कौलांवरून उतरली.

पाद्री बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने कॉफी नको म्हटली.

"क्षमा दिलीत?"

"दिली."

"कसली?"

पाद्री पायऱ्यांकडे वळला. पायसने आवाज खाली आणला. "शब्दाचा अर्थ नका सांगू, तो तुम्हाला माहीतच नाही. नुसता आवाज. एखादा लक्षात राहिलेला आवाज तरी?"

पाद्रीने त्याच्याकडे पाहिलं, शिकलेला धडा मनात चाळला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "गप्प बसा."

तो गेल्यावर पायस आत आला. जॉर्जिनाने पदर नीट घेतला होता. चेहरा उतरायच्या ऐवजी मोकळा झाला होता, पाहुणे गेल्यावर घर होतं तसा.

"जॉर्जिना, त्याला एक अक्षर कळलेलं नाही," तो म्हणाला. "असं कुमसार वर स्वर्गात धरतील का, मला शंका आहे. पुन्हा एकदा सांग. मी धावत जाऊन त्याला बोलावतो. नीट पोचवतो. एक काना इकडचा तिकडे होणार नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं, असं पायसला वाटून गेलं.

"त्याला कळत नव्हतं म्हनून तर सांगता आलं," ती म्हणाली.

मग तिने भिंतीकडे तोंड केलं. पायस पायथ्याशी उभाच राहिला, ती आणखी काही बोलेल म्हणून किंचित पुढे वाकून.