मुदतवाढ

हेडविगबाईंचे यजमान, खासदार एगॉन विटकाम्प, बर्लिनच्या अर्थसमितीत कात्री घेऊनच बसलेले. गावचा पोहण्याचा तलाव असो की म्हाताऱ्यांची बस, मागायला आलेल्याला एकच उत्तर: "कल्पना छान आहे हो, पण तरतूद कुठंय?" बायकोने जन्मात एकदा समुद्र दाखवा म्हटलं, तर तिलाही तेच.

ते वारले, त्याला परवा वीस वर्षं झाली. आज बाई बॅग भरत होत्या, तेवढ्यात दफनभूमीच्या कचेरीतून फोन आला.

"बाई, साहेबांच्या थडग्याची जागा वीस वर्षांच्या भाड्यानं होती, ती मुदत संपली. भाडं भरलं नाही, तर दगड काढून जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. एवढा मोठा माणूस, वाढवू या ना मुदत?"

समुद्राकडच्या गाडीचं तिकीट पर्समध्ये नीट ठेवत बाई म्हणाल्या,



"कल्पना छान आहे हो, पण तरतूद कुठंय?"