बाबांना सांगायचं होतं

भिकाबाबा दर वीस-बावीस पावलांनी थांबत होते. किशोरने तीनदा मोजून पाहिलं. थांबायचे, मान वळवून मागे बघायचे, मग पुन्हा चालू लागायचे. दम लागला म्हणावं तर श्वास एकसारखा होता. ऐंशीच्या घरातला हा माणूस चढणीवरही तोंड मिटून चालत होता.

वाट चुकेल अशी भीती वाटत असेल, किशोरच्या मनात आलं.

"बाबा, हात द्या," तो म्हणाला.

बाबांनी लगेच हात दिला. मग सोडलाच नाही.

सुरगाण्याच्या पुढे, त्यांच्या मूळ गावाजवळच्या या धबधब्यावर यायची कल्पना सविताची, त्याच्या बायकोची. जुन्या जागा अशा वेळी बऱ्या असतात, असं नाशिकच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. सकाळी सहाला निघाले. गाडी सविताने चालवली. हल्ली तीच चालवायची. किशोर सहा महिने कंपनीतून रजेवर होता. घरात असं आजारपण आलं की कुणाला तरी घरी थांबावंच लागतं. पण रजेने थकवा जात नव्हता. आठ तास झोपून उठला तरी अंग जड असायचं आणि डोक्यात ओली गोधडी कोंबल्यासारखं वाटायचं.

उद्या अकरापर्यंत कळवायचं होतं. दिंडोरी रोडला एक संस्था होती, स्मृती जात चाललेल्या माणसांना सांभाळणारी. तिथली एक खोली रिकामी झाली होती. गेल्या महिन्यात सगळे जाऊन बघून आले. खिडकीबाहेर चिकूचं झाड होतं. बाबांनी गादी दाबून बघितली, बाथरूमचा नळ सोडून बघितला. तिथल्या बाईंनी प्रश्न मात्र सगळे किशोरलाच विचारले. त्याने जमेल तशी उत्तरं दिली.

बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. चार महिने तो आज सांगू, उद्या सांगू करत होता. सविताचं एकच पालुपद होतं, "बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही."

तिचंही बरोबर होतं. ज्याचं घर, त्यालाच न विचारता कसं बाहेर काढायचं?

"किशोर," बाबा थांबून म्हणाले, "आज वार कोणता?"

"रविवार, बाबा."

"झाली आजोबांची परीक्षा सुरू," मागून तेजल म्हणाली. ती त्याची मुलगी, यंदा अकरावीला. "आजोबा, मला पण विचारा की. मला पास व्हायचा चान्सच मिळत नाही."

"तुला काय इचारायचं? तू लय हुशार," बाबा म्हणाले. "बोलायला."

सविता हसली. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं हसल्यावर जास्तच गडद दिसायची.

वरच्या पाड्यावरची चार मुलं गणवेशात, दप्तरं सांभाळत समोरून उतरली. रविवारची शाळा बघून किशोरला नवल वाटलं. काही कार्यक्रम असेल.

पुढे रान दाट झालं. कारवी खांद्यापर्यंत आली होती. दगडांवर शेवाळ होतं, पण फक्त उत्तरेकडच्या अंगाला. बाबा एका झाडाशी थांबले. काळपट साल चौकोनी भेगांनी फाटलेली, मगरीच्या पाठीसारखी.

"हे कंचं झाड, किशोर?"

या रानात आयुष्य गेलं बाबांचं. आता झाडंही निसटायला लागली.

"साग, बाबा. साग आहे तो."

बाबांनी झाडाच्या सालीवरून तळवा फिरवला. पानांकडे बघितलं, मग किशोरकडे.

"बरं," ते म्हणाले. "साग तर साग."

धबधबा आधी ऐकू आला, मग दिसला. सप्टेंबर संपत आला तरी पाणी भरपूर होतं. गावच्या वन समितीने लावलेल्या लोखंडी कठड्याला धरून चौघे उभे राहिले. तुषार तोंडावर येत होते. आसपास दुसरं कुणी नव्हतं.

"आई, चल, तिकडून फोटो चांगला येतो," तेजल म्हणाली आणि सविताला घेऊन दहा-पंधरा पावलं पलीकडे गेली. मुद्दामच गेली, हे किशोरला कळलं. सांगायचं तर आताच.

तो बाबांना घेऊन बाकावर बसला. कुठून सुरुवात करावी, हे सकाळपासून घोळवत होता. ते सगळं पाण्याच्या आवाजात विरून गेलं.

"थकलास?" बाबांनी विचारलं.

"थोडा."

"मी बी."

ते असं कधी म्हणत नसत. किशोरला वाटलं, हीच वेळ.

"बाबा, तुम्ही रागावू नका," तो म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी विचार केलाय. सविताची नोकरी आहे, तेजलचं कॉलेज आहे. मी किती दिवस रजा काढणार? आणि आई. ती आत्ता घरी जेवायची थांबली असेल. तिचं वय झालं, तिला एकटीला हे सगळं झेपत नाही. म्हणून ती दिंडोरी रोडची खोली..."



बाबांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पलीकडे तेजलने मोबाइल खाली केला. सविता त्यांच्याकडे पाठ करून कठड्याला टेकली.

"तुझ्या आईला जाऊन सात वर्सं झाली, पोरा," बाबा हळू आवाजात म्हणाले. "ही सविता चार महिने माझ्या एका शब्दासाठी थांबलीय. मला तो बोलवत नव्हता. आता बोलतो. उद्यापासून त्या खोलीत तू ऱ्हायचं."