मयत कौतिकाबाई

छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्षं लोटली, तरी वर्ध्याचा दवाखाना दरवर्षी फोन करून कौतिकाबाईची खबर घेई. यंदा फोन सुनेनं उचलला. "सासूबाई गेल्या," ती म्हणाली, आणि "आष्टीच्या बाजारले" म्हणेपर्यंत रेंजही गेली. तिकडं कॉम्प्युटरमध्ये म्हातारीच्या नावापुढं 'मयत' लागलं आणि घरी सांत्वनाचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी म्हातारी डॉक्टरसमोर उभी! पदर कमरेला खोचलेला, एका बाजूनं सपाट छाती ताठ. "पाह्य बाप्पा, मेलेली चालत आली!" डॉक्टर ओशाळला. "चुकलंच, आजी. लगेच जिवंत करतो." "तू कोन करनारा? जित्ती तं मी हावच!" बाकावर ऑपरेशनच्या भीतीनं रडत बसलेल्या पोरीकडं तिनं बोट केलं. "अन् हिले काय सांगशीन, ऑपरेशनवाल्या बाया वाचत नाई म्हनून? लिव आत्ताच, माह्यासमोर: कौतिकाबाई जित्ती हाय, अन् तुह्यासंग भांडून राह्यली."