जाड दंडाचा फुलकिडा

वुर्यानीने सहावी काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि आधीच्या पाच पुन्हा जवळ ओढल्या.

सहाही नर फुलकिडे, एकाच बांबूच्या वाळक्या पानांतले. आज सकाळीच तुगिमिनने, तिच्या नवऱ्याने, परसात झटकून काढलेले. पहिल्याचे पुढचे पाय जाडजूड, पावलावर दातासारखा काटा. पाचव्याचे काडीसारखे बारीक, काटा असून नसल्यासारखा. आणि हा सहावा बरोब्बर मधला. बाकी डोक्याची ठेवण, पाठीवरचे केस, शेपटाच्या नळीची लांबी, सगळ्यांचं एकच.

बारीक पायांच्या फुलकिड्याला फार पूर्वीपासून नाव होतं. जाड पायांचा मात्र तीस वर्षांपूर्वी तिनेच नवी जात म्हणून जाहीर केला होता, आणि त्याला तुगिमिनचं नाव दिलं होतं. तेव्हा तुगिमिनचे दंड असे भरदार होते, की बोगोरच्या कीटक-संग्रहालयाच्या ऑफिसात सगळे त्या नावावरून तिला चिडवत. आजही कोपऱ्यावरच्या टपरीत नवा माणूस दिसला की तुगिमिन त्याला आपल्या किड्याची गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नसे.

पण मधला सापडला, म्हणजे ती नवी जात नव्हतीच. जुन्याच जातीचा एक धष्टपुष्ट नर, एवढंच. जुनं नाव राहणार, तुगिमिनचं जाणार.

हा मधला एक गाळला तर कुणाला कळणार होतं? तिने काचपट्टी काढून मुठीत धरली.

"बुने, तळलेलं टेंपे गार झालं," म्हणत तुगिमिन आत आला. नवराबायकोच्या त्या जुन्या हाका होत्या: ती 'बुने', तो 'पाक्ने'. पानं झटकायची काठी अजून काखेतच होती. "चेहरा का असा? मेलं कोण?"

"तुमचा किडा."

तिने मूठ उघडली आणि सगळं सांगून टाकलं. तुगिमिन मायक्रोस्कोपवर वाकला. एकेक पट्टी त्याने बराच वेळ पाहिली.

"म्हणजे ज्याला पोटभर मिळालं तो असा, आणि उपाशी राहिला तो तसा?"

"तसंच काहीसं, पाक्ने. लिहून कळवायला हवं. तुमचं नाव पुसलं जाईल."

"कळव की. खोटं थोडंच ठेवायचं?" तो हसला खरा, पण त्याला लागलं होतं, आणि ते तिला दिसलं.

मग त्याने बाही वर सारली आणि हात तिच्यासमोर टेबलावर ठेवला. "आता याचं काय करतेस? हाही बारीक झालाय. बघ, वेगळाच कुणी निघायचा."

वुर्यानीने त्याचं मनगट धरलं. तिचा अंगठा आणि बोट सहज जुळले.

"नाही," ती म्हणाली. "तोच आहे."