तार काढलेला स्पीकर

"सगळी दुनिया ओढाओढीवर आन् ढकलाढकलीवर चालती!" मंगळवार पेठेतल्या दुकानात मल्लेशअण्णांनी जाहीर केलं, तोच दुरुस्तीला आलेल्या स्पीकरच्या चुंबकानं त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर हिसकावला.

"ते ऱ्हाऊ द्या. सांजच्याला नातीचं बारसं हाय, आन् ह्यो आपला आपणच खाकरतोय," गिऱ्हाईक हंबीरराव कळवळले.

"वीज आली की कॉइलचा चुंबक हुतोय. ह्यो चुंबक तिला ओढतोय, ढकलतोय, मग आवाज. वीज न्हाय तर आवाज न्हाय!" अण्णांनी दोन्ही तारा उपटल्या.

स्पीकरचा कागदी पडदा सावकाश आत गेला, बाहेर आला.

अण्णांनी हसत कॉइलचीच तार कापली. पडदा पुन्हा आत गेला. बाहेर येताना त्यांच्या तळहाताला उबदार श्वास लागला. हसू ओठांवरच थिजलं.

मग स्पीकरनं घसा साफ केला.

"हंबीरराव, आज तरी मला पंगतीजवळ ठेवा की."